धाकू घाडीची लोकरीची वीरगळ

बोरिवलीला बाभईच्या एका गल्लीत, तीन मजली बिनलिफ्टच्या इमारतीत धाकू घाडी राहतो आणि तो स्वेटर विणतो, एवढं सांगितलं तरी ऐकणारा आधी हसतो. हसू द्या. धाकूला पन्नास वर्षांची सवय आहे. एक तर मुंबईत स्वेटर, त्यात विणणारा पुरुष, त्यात तो मालवणाकडचा गडी, जिथे थंडी वाजली तर माणूस जास्तीत जास्त चुलीपाशी सरकून बसतो.

पण कला काय गाव बघून येते? धाकू बावीस वर्षांचा होता, गिरणीत लागून वर्ष झालं नव्हतं, तेव्हा त्याला क्षय झाला. आठ महिने इस्पितळात. शेजारच्या खाटेवर एक गढवाली रखवालदार होता, मिशा अशा की डास अडकावा. तो दिवसभर दोन सुया घेऊन विणत बसे. धाकू छताकडे बघून आपलाच खोकला मोजतोय हे त्याने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दोन सुया याच्या हातात दिल्या. म्हणाला, मोजायचंच आहे तर टाके मोज. धाकूने पहिला मफलर विणला तो सुरुवातीला चार बोटं रुंद होता आणि शेवटाला उशीएवढा. कुठे टाके वाढले ते त्याला आजतागायत कळलेलं नाही. पण मफलर संपला तेव्हा खोकलाही संपला होता. आता हे औषधाने झालं की सुयांनी, यावर धाकू वाद घालत नाही. दोघांनाही मान देतो.

गिरणीत परत गेला तर जेवणाच्या सुट्टीत याच्या हातात सुया. मागांच्या साचेखात्यात हसून हसून लोकांची पोटं दुखली. "काय धाकूबाई, दिवस गेलेत काय?" मुकादमाला मुलगी झाली तेव्हा धाकूने पिवळं टोपडं विणून नेऊन दिलं. बारशाला ते टोपडं इतकं गाजलं की पुढच्या महिन्यात तेच हसणारे रांगेने येऊन कानात सांगू लागले, "धाकू, आमच्याकडे पण आहे हां, मार्चात." तेव्हापासून आजपर्यंत, गिरणी गेली, धाकू शाळेत शिपाई झाला, निवृत्त झाला, पण बाभईच्या त्या इमारतीत जन्मलेल्या एकाही पोराचं डोकं धाकूच्या टोपड्यातून सुटलेलं नाही.

तर असा हा धाकू. वय चौऱ्याहत्तर. गेल्या जानेवारीत बाजारातून येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबला. मेथीची जुडी हातातून खाली गेली. ती उचलायला वाकावं तर छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. मुलगा सुबोध पवईहून कामावरून तसाच धावत आला. तपासण्या झाल्या. डॉक्टर गार्गीबाईंनी संगणकावर काळ्या-पांढऱ्या नळ्या दाखवल्या. तीन ठिकाणी बंद. छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल आणि ती दीड महिन्याच्या आत, त्यापुढे थांबायचं नाही.

धाकूने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तिकडे आत थंडी असते काय हो?"

"खूप असते, आजोबा. आणि नंतर खोलीतही एसी असतो."

"मग स्वेटर लागणार. स्वेटर झाला की येतो."

डॉक्टरबाई हसल्या. धाकूची बायको रुक्मिणी मात्र हसली नाही. पंचेचाळीस वर्षं संसार केलेली बाई ती, तिला ठाऊक होतं की हा माणूस घाबरला म्हणजे विणायला बसतो. आणि घाबरलेला माणूस विणकाम लांबवू शकतो, हेही ठाऊक होतं.

खरं तर धाकूला मरणाचं तेवढं भय नव्हतं. त्याला वेगळीच गोष्ट कुरतडत होती आणि ती बाहेर काढली अर्बनने.

अर्बन कोलासो हा धाकूचा जुना दोस्त, जवळच्याच एकसर गावातला. जन्मभर पाट्या रंगवल्या त्याने, दुकानांच्या, टेम्पोंच्या आणि सिमेटरीतल्या क्रुसांवरच्या नावांच्याही. दर रविवारी मिस्सा आटोपली की तो येई आणि दोघे एकसरच्या वीरगळींपाशी जाऊन बसत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या नावाने उभा केलेला कोरीव दगड. एकसरच्या दगडांवर तर समुद्रातली लढाई आहे, होड्या आहेत, वल्ह्यांच्या रांगा आहेत. अर्बन लहानपणी या दगडांवर चढून पेरू खायचा आणि आजीचा मार खायचा.

"हे खालून वर वाचायचं असतं," अर्बन त्या रविवारी म्हणाला, जणू धाकूला नव्यानेच सांगतोय. "खाली लढाई. वीर पडला. मधी त्या अप्सरा त्याला उचलून नेतायत. अन् वर बघ, पोचला पण. शंकरापुढे हात जोडून बसलाय. खलास. एवढ्याशा दगडात सगळा माणूस."

धाकू म्हणाला, "माझा कोण रे असला दगड उभारणार?"

"तुझा?" अर्बन खो खो हसला. "येड्या, त्याला लढाई मारावी लागते. तू काय मारलंस? डास?"

अर्बन चेष्टा करून विसरला. धाकू विसरला नाही. घरी येताना पूर्ण रस्ताभर तेच डोक्यात. खरंच, काय मारलं आपण? चौऱ्याहत्तर वर्षांत खाली कोरण्यासारखं काय? उद्या छाती उघडतील तेव्हा आत काही सापडेल की नुसत्याच बंद नळ्या? आणि जिन्यात, पहिल्या मजल्यावर श्वास घ्यायला थांबलेला असताना, त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्वेटरसुद्धा खालूनच वर विणतात! आधी कमरेची पट्टी, मग पोट, मग छाती, शेवटी गळा. वीरगळीसारखंच. आणि गळ्यातून डोकं बाहेर येणार ते थेट कैलासात!

दुसऱ्या दिवशी दगडाच्या रंगाची करडी लोकर आली, वर चित्राला पांढरी. अर्बनला बोलावून चौकटीच्या कागदावर आराखडा काढायला बसवला. अर्बन आधी म्हणाला, "तू पागल झालायस." मग पाटीवाल्याचा हात, त्याला कागद दिसल्यावर राहवेना. बारा बोटं लढाई, बारा बोटं अप्सरा, वर शंकर-पार्वती, दोन बाजूंना चंद्र-सूर्य. एक चौकट म्हणजे एक टाका.

रुक्मिणी चहा घेऊन आली, कागद बघितला आणि बशी आपटली.

"ह्या काय? मेलेल्यांचो दगड तो! जित्या माणसान अंगात घालूचो? ऑपरेशनाक जातास की थेट वर?"

"अगं, कला आहे ती."

"कला चुलीत घाला. अर्बनभाऊ, तुमका तरी कळाक नको?"

अर्बन कपाळाला हात लावत म्हणाला, "वहिनी, मी नुसते चौकोन भरले. माझा काय संबंध?"

असं म्हणून तो चहा संपवून पळाला. रुक्मिणीने स्पष्ट सांगितलं, ते अभद्र काम माझ्या देवासमोर चालणार नाही. म्हणून धाकू गॅलरीत स्टुलावर बसून विणायला लागला. खालच्या जानकीकाकू वर बघून विचारत, "कुणाकडे पाळणा हाललाय हो?" धाकू म्हणे, "माझाच." काकू गोंधळून आत जात.

आता पहिलं चित्र. लढाई. पण कुठली? अर्बनने आराखड्यात होडी काढली होती, वल्ही मारणारे शिपाई काढले होते. धाकूने चार ओळी विणल्या आणि थांबला. ती लढाई त्याची नव्हती. मग त्याने होडीची वल्ही गाळली आणि त्या जागी खाली चार पाय विणले. झाली इस्पितळाची खाट! खाटेवर एक बारीक माणूस, हातात भाल्यासारख्या दोन सुया. शेजारच्या खाटेवर मिशा. मिशांना धाकूने सात टाके दिले, कमी दिले असते तर त्या गढवाल्याचा अपमान झाला असता.

हे चित्र बघून धाकूला स्वतःलाच नवल वाटलं. म्हणजे, मारली की एक! यमाला आठ महिने दारात उभं ठेवलं आणि मफलर संपवूनच उठलो.

एक आठवली की तिच्या मागून दुसरी येते. खाटेच्या वर आली गिरणीची चिमणी, धूर नसलेली. संपाचं वर्ष. तिच्यावर, आता हसू नका, आलं माकड. झालं होतं असं की शाळेत शिपाई असताना नॅशनल पार्कातून आलेलं एक दांडगं माकड प्रयोगशाळेत घुसलं आणि हाडांच्या सापळ्याच्या खांद्यावर जाऊन बसलं. सगळे मास्तर बाहेर, दार ओढून घेतलेलं. धाकू एकटा आत गेला, घंटेचा हातोडा एका हातात आणि केळं दुसऱ्या हातात. अर्धा तास दोघांची बोलणी झाली. माकडाने केळं घेतलं आणि सापळ्याची कवटीही घेतली. धाकूने तिच्यासाठी शाळेच्या पत्र्यावरून त्याचा पाठलाग केला. कवटी परत आणली, फक्त एका दाताची उणीव होती. तर स्वेटरवर पोटाच्या मधोमध माकड, त्याच्या हातात कवटी आणि समोर धाकू केळं उगारून उभा. अर्बनने ते बघितलं तेव्हा त्याला ठसका लागला, पाणी पाजावं लागलं.

मग आला सव्वीस जुलैचा पूर. शाळेच्या आवारात पाणी शिरलं, खालच्या वर्गात चाळीस पोरं अडकली. धाकू त्यांना एकेक करून जिन्यावरून वर नेत होता आणि वर त्यांना रडू येऊ नये म्हणून पुठ्ठ्याच्या कात्रणांवर टाके घालायला शिकवत होता. चाळीस पोरं काही विणून होईनात, म्हणून त्याने चाळीस ठिपके घातले. मोजून घातले.

दिवस सरत होते आणि स्वेटर चढत होता. सुबोध रोज फोनवर विचारी, "बाबा, डॉक्टरांना तारीख कळवू का?" धाकू म्हणे, "अजून अप्सरा यायच्यात."

आणि एका सकाळी धाकूने स्वेटर छातीला लावून बघितला. पुराचं पाणी काखेच्या वर आलं होतं. गळ्याला जेमतेम आठ बोटं उरली होती. अप्सरा नाहीत, कैलास नाही, चंद्र-सूर्य तर नावालाही नाहीत. पन्नास वर्षं विणणारा माणूस, कच्च्या पोरीने करावी तशी चूक करून बसला! एकेक चित्र वाढवताना त्याने आराखड्याचा कागदच बघितला नव्हता. लढायांनी अख्खा दगड खाल्ला होता.

अर्बन आला. दोघं स्वेटरकडे बघत बसले.

"उसव," अर्बन म्हणाला. "अर्धा उसव अन् परत घे."

"काय उसवू? खाट उसवू? का संप उसवू?"

"माकड उसव."

"माकड? अरे, माकडाला हात लावायचा नाही!"

"मग स्वर्ग कुठं घालणार तू? पाठीवर?"

डॉक्टरबाईंच्या मुदतीला सहा दिवस उरले होते. उसवून पुन्हा विणायचं तर महिना लागणार. धाकू म्हणाला, "मग ऑपरेशन पुढे ढकलू." आणि हे म्हणताना त्याच्या आवाजात जी सुटका होती ती अर्बनला ऐकू आली. त्याची चेष्टा तिथेच संपली. तो आत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा रुक्मिणीपुढे हात जोडून म्हणाला, "वहिनी, तुम्हीच या बाहेर. हा वर जायला जागा नाही म्हणून खालीच अडून बसलाय, पण असाच अडला तर खरंच वर जाईल."

रुक्मिणी महिनाभर गॅलरीकडे फिरकली नव्हती. पदराला हात पुसत आली, स्टूल ओढून बसली आणि स्वेटर मांडीवर घेऊन खालून वर बघायला लागली. खाट बघितली. मिशांना बोट लावलं. माकडापाशी तिच्या ओठांच्या कडा हलल्या, पण तिने आवरलं. पुरापाशी थांबली.

"पाणी कमरेक दाखवलास. गळ्याक होता. घराक इलास तेव्हा दाढीक चिखल होतो तुमच्या."

"असेल."

"असात नाय, होतो. मीच पुसलंय." मग ती पुन्हा खाली चिमणीपाशी गेली. "ह्यो संप मां?"

"हो."

"मगे मी खंय आसंय?"

संपात धाकू मोर्चाला जात होता, सभेला जात होता, हे खरं. पण पहाटे उठून त्याने विणलेली टोपडी टोपलीत घालून, सुबोधला कमरेवर घेऊन, प्रसूतिगृहाच्या फाटकापाशी दीड वर्ष उभी कोण राहिली? "घेवा बाय, मऊ आसा, पोराक टोचूचा नाय," असं ओरडून ओरडून जिचा आवाज बसला तो कायमचा घोगरा राहिला, ती कोण? रखवालदाराने टोपली लाथाडली तेव्हा त्याच्या कानाखाली कोणी वाजवली? आणि त्याच रखवालदाराने पुढे नातवासाठी टोपडं कुणाकडून नेलं?

"मेल्या," अर्बन हळूच म्हणाला, "सगळ्यात मोठी लढाई तर तूच सोडून दिलीस."

धाकूने रुक्मिणीच्या हातातून स्वेटर घेतला. गळ्याखालची ती आठ बोटांची जागा, जिथे शंकर-पार्वती बसायचे होते, तिच्यावरून हात फिरवला. मग अर्बनला म्हणाला, "कागद काढ. एक बाई काढ. कमरेवर पोर, हातात टोपली. पाय घट्ट रोवलेले पाहिजेत. आणि टोपलीतली टोपडी दिसली पाहिजेत, प्रत्येकाला दोन टाके तरी."

"चंद्र-सूर्य?"

"टोपडीच पुरे झाली."

रुक्मिणी उठली. "नाक नीट काढा, अर्बनभाऊ," एवढं बोलून आत गेली. पण त्या दिवसापासून धाकू गॅलरीत नाही, आत देवासमोरच्या पाटावर बसून विणू लागला आणि कुणी काही बोललं नाही. पाचव्या दिवशी दुपारी गळ्याचे टाके बंद झाले. रुक्मिणीने स्वतः कात्रीने लोकर कापली, सुबोधला फोन लावला आणि म्हणाली, "कळव तारीख. तुझे बापूस तयार आसत." धाकूने काही निमित्त सांगितलं नाही. त्याला सापडत नव्हतंच. आता अप्सरांची वाट बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. जे दाखवायचं ते सगळं दाखवून झालं होतं आणि ते थोडंथोडकं नव्हतं.

शस्त्रक्रिया साडेपाच तास चालली. आत स्वेटर चालत नाही हे तिथे गेल्यावर कळलं. रुक्मिणी तेवढा वेळ तो मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. कुणी विचारलं की खालून वर दाखवायची. माकड दोनदा सांगावं लागलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क काढून म्हणाल्या, "झकास झालंय. तीनही वाटा उघडल्या." अर्बन बाकावरच क्रुसाची खूण करता करता रुक्मिणीच्या पाया पडला.

आता गंमत बघा. धाकू शुद्धीवर आला, खोलीत आला, एसी तर असा की हुडहुडी भरावी. म्हणाला, "आणा स्वेटर." नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, हा डोक्यातून घालायचा आहे. छातीचं हाड कापलंय तुमचं. सहा आठवडे हात वर करायचा नाही. पुढून उघडणारा विणायचा होता ना!" पन्नास वर्षांचा विणकर आणि हे सुचलं नाही! कुणीतरी सुचवलं की पुढून कापून बटणं लावू. रुक्मिणीने त्याच्याकडे असं बघितलं की तो माणूस पुन्हा भेटायला आला नाही. स्वेटर पांघरुणासारखा पायांवर पडून राहिला.

घरी आणलं तेव्हा जिना चढायची बंदी. इमारतीतल्या चौघांनी त्याला खुर्चीत बसवून खुर्ची उचलली. तिसऱ्या मजल्यापर्यंत धाकू चौघांच्या खांद्यावरून वर गेला, पण बसून आणि अखंड बोलत. "शिवदास, डावी बाजू उचल रे, मी तिरका होतोय. ह्या वयात तिरका बरा दिसत नाही." जानकीकाकू दारात हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

सहा आठवडे झाले तेव्हा मे महिना लागला होता. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "हात वर करून दाखवा." धाकूने दोन्ही हात वर केले. जरा ओढ बसली, पण गेले, पार कानाच्या वर.

घरी येताच म्हणाला, "आता."

मे महिना, सकाळचे अकरा, गल्लीतली कुत्रीसुद्धा गाड्यांखाली. जिन्याच्या तळाशी, पत्रपेट्यांपाशी धाकूने हात वर केले. रुक्मिणीने एका बाजूने, अर्बनने दुसऱ्या बाजूने स्वेटर वरून घातला. क्षणभर नुसती करडी लोकर आणि आतून पुटपुट. मग गळ्यातून आधी टक्कल आलं, मग भुवया, मग दात नसलेलं ते रुंद हसू.

आणि धाकू जिना चढायला लागला. खुर्ची नाही, कुणाचा हात नाही. सुबोध मागे होता, पण दोन पायऱ्या अंतरावर; त्याला तशी ताकीद होती. पहिल्या मजल्यावर शुभाकाकूंचं बिऱ्हाड दारात येऊन खाटेकडे बघत राहिलं. जानकीकाकूंनी ओवाळायला ताटच आणलं होतं. दुसऱ्या मजल्यावर, जिथे मेथीची जुडी पडली होती त्या वळणावर, धाकू मुद्दाम थांबला. सुबोधचा जीव वर गेला.

"बाबा, दम लागला?"

"दम नाही रे. ह्यांना माकड नीट बघू दे."

दुसऱ्या मजल्यावरचा एक दाढीवाला इंजिनियर, जो याच इमारतीत धाकूच्या टोपड्यात वाढला होता, मोबाइल काढून फोटो घ्यायला लागला. "आजोबा, ही वर कोण? देवी का?"

"ही तुझी घाडीआजी. टोपल्या विकणारी."

"टोपडी!" रुक्मिणी पुढून ओरडली. "टोपडी म्हणा, टोपल्या नाय!"

शेवटच्या सोळा पायऱ्या. धाकूच्या कपाळावरून घाम वाहून पुराच्या पाण्यात मिसळत होता, लोकर अंगाला चिकटली होती, पण छातीत पाटा नव्हता, काही नव्हतं. नुसतं एक धडधड करणारं काळीज होतं आणि त्यावर टोपली घेऊन पाय रोवून उभी असलेली बाई. उंबऱ्यापाशी पोचल्यावर मागे वळून त्याने खाली बघितलं. सगळा जिना माणसांनी भरला होता. टाळ्या कुणी सुरू केल्या कळलं नाही. अर्बन सगळ्यात खाली, त्याच्या गुडघ्यांनी पहिल्याच मजल्यावर हार मानली होती. तो तिथूनच ओरडला, "धाकू, शंकराला काय सांगू रे?"

"सांग, गर्दी आहे. जागा नाही म्हणावं!"

रुक्मिणीने पंखा पूर्ण सोडला होता. दारात कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हार्टान मेलात नाय, आता उकाड्यान मराल. काढा तो!"

धाकूने संध्याकाळपर्यंत काढला नाही.